उपकार विसरू नकोस

नागपूर

चि. बाळ यास,


तुला पुण्यात नोकरी लागल्याचं कळलं आणि आधी देवापुढे साखर ठेवली. फोनवर तू म्हणालास, "आत्या, आता त्या पुराचा विषय नको." तुझ्या मनाचं मला कळतं. दुःख विसर, बाळा. उपकार मात्र विसरू नकोस. एवढंच सांगायला हे पत्र.

२२ सप्टेंबर २०२३. घरी महालक्ष्म्या जेवल्या होत्या. सोळा भाज्या, आंबील, पुरण. पंगती उठायला रात्र झाली. नंतर पाऊस असा कोसळला, की काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर गेला. १८७० साली बांधलेला अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी वस्त्यांत शिरली. आपल्या घरात पलंग तरंगला. ज्येष्ठा-कनिष्ठा ज्या कोठ्यांवर उभ्या होत्या, त्यांतले गहू भिजून फुगले. वीज गेलेली. तेव्हा वरच्या मजल्यावरचे ऑटोवाले भाऊ छातीभर पाण्यात उतरले आणि आजीला पाठीवर घेऊन जिना चढले. पुन्हा खाली आले, ते मुखवटे दुपट्ट्यात बांधून न्यायला. उजाडल्यावर त्यांच्याच खोलीत आपण देवींना दहीभाताचा नैवेद्य दाखवला.

देवाने वाचवलं, असं आपण म्हणतो. ते खरंच आहे, पण जपून म्हण. त्या रात्री शहरात काहींचे प्राण गेले. त्यांच्याही घरी गणपती बसला असेल. आम्ही भक्ती केली म्हणून वाचलो, असा हिशेब मांडलास तर कृतज्ञतेचा गर्व होईल. मला तर देव त्या रात्री भाऊंच्या पाठीत दिसला.

भागवतातली कुंती आठव. युद्ध संपलं, राज्य मिळालं, कृष्ण द्वारकेला निघाला. तेव्हा तिने संकटंच मागितली, कारण प्रत्येक संकटात त्याचं दर्शन झालं होतं. तसं मागण्याचं धैर्य माझ्यात नाही. पण चांगले दिवस आले की देवाची आठवण पातळ होते, हे तिला ठाऊक होतं. तुझे आता चांगले दिवस आले आहेत.

तुझ्या बाबांनी घर रंगवलं, तरी देवघराच्या भिंतीवरची चिखलाची रेघ वीतभर तशीच ठेवली. सकाळी दिवा लावताना ती दिसते आणि हात आपोआप जोडले जातात. तुझ्या खोलीत तशी भिंत नाही. म्हणून झोपण्यापूर्वी एकदा ती रात्र आठवत जा, आणि शेजारी कुणी अडलं असेल तर बोलावण्याची वाट न पाहता जा.

पहिला पगार झाला की घरी ये. टेकडीच्या गणपतीला नारळ फोड. तिथून पेढे घेऊन सरळ भाऊंकडे जा आणि त्यांना वाकून नमस्कार कर.

तुझी,
आत्या