चार्टर बोट: आधी वारा, मग बोट

ग्रीसमध्ये सहलीसाठी शिडाची बोट बहुधा शनिवार ते शनिवार अशा आठवड्याच्या बोलीने भाड्याने मिळते. फोटो, केबिनची संख्या आणि दर पाहून बोट पक्की करायची आणि मार्ग नंतर ठरवायचा, अशी बहुतेकांची रीत असते. पुढच्या तक्रारींचे मूळ याच क्रमात असते. समुद्र कोणता, महिना कोणता आणि सुकाणू कोणाच्या हाती, एवढे आधी ठरले की बोटीचा प्रकार जवळजवळ आपोआप ठरतो.

ग्रीसच्या पश्चिमेला आयोनियन समुद्र आहे. लेफकाडा, इथाका, केफालोनिया या बेटांभोवती उन्हाळ्यात सकाळी वारा फारसा नसतो. दुपारी वायव्येकडून माफक वारा सुटतो आणि सूर्यास्ताच्या सुमारास पडतो. बेटे जवळजवळ असल्याने दिवसाला दहा-वीस सागरी मैल पुरे होतात. पूर्वेच्या एजियन समुद्राची तऱ्हा निराळी. तिथल्या सिक्लाडीस बेटांवर जुलै-ऑगस्टमध्ये मेल्टेमी नावाचा उत्तरेचा कोरडा वारा वाहतो. बोफर्ट मापाने तो ६ ते ७ पर्यंत, म्हणजे ताशी चाळीस ते साठ किलोमीटरपर्यंत सहज चढतो आणि कधी कधी कित्येक दिवस हटत नाही. आकाश मात्र लख्ख निळे असते. काळे ढग दाटले की वारा येणार, असा हिशेब अंगवळणी पडलेल्या कोकणातल्या माणसाला हा वारा हमखास चकवतो.

सर्वांत मोठी फसगत सँटोरिनीच्या मोहाने होते. अथेन्सहून दक्षिणेकडे जाताना मेल्टेमी पाठीशी असतो, बोट मजेत धावते. पण ती परत द्यायची असते अथेन्सलाच, आणि परतीचे शंभरावर सागरी मैल वाऱ्याच्या तोंडावर काढावे लागतात. शिडाची बोट थेट वाऱ्यात जात नाही. डावी-उजवीकडे वळणे घेत पुढे सरकताना प्रत्यक्ष अंतर जवळपास दीडपट होते. निम्मी मंडळी आजारी, उरलेली भिजलेली, आणि शेवटी बेटावरच बोट ठेवून फेरीबोटीने परतण्याची वेळ, असे शेवट घडतात. तिथे पोचूनही सोय नाहीच; सँटोरिनीच्या ज्वालामुखी कुंडात पाणी इतके खोल आहे की नांगराला तळ क्वचितच सापडतो. अथेन्सहूनच निघायचे असेल, तर एजिना, पोरोस, हायड्रा ही सॅरोनिक आखातातली बेटे पहिल्या सहलीला कितीतरी बरी.

बोटीचे मुख्य प्रकार दोन. मोनोहल ही एकाच तळाची, खाली जड कील असलेली पारंपरिक बोट. चाळीस फुटी मोनोहल सुमारे चार मीटर रुंद असते. ती वाऱ्याने एका अंगावर कलते, पंधरा-वीस अंशही कलते. नवख्याला धडकी भरते, पण कील तिला सावरून धरते आणि वाऱ्याच्या दिशेकडे ती चांगली चढते. कॅटामरान म्हणजे दोन अरुंद बोटी शेजारी जोडून वर ओसरी टाकावी तसा प्रकार. ती फारशी कलत नाही, टेबलावरचा चहा सांडत नाही, तिला पाणी उथळ चालते. दोन इंजिने दूरदूर असल्याने ती जागच्या जागी वळते. मात्र त्याच लांबीची कॅटामरान सात मीटरच्या आसपास रुंद असते. गर्दीच्या बंदरात तेवढी जागा मिळणे अवघड, आणि बऱ्याच मरिना तिला जास्त भाडे लावतात. समोरच्या लाटांत तिच्या पोटावर पाणी धडाधड आपटते. आजी-आजोबा आणि लहान मुलांसह आयोनियनमध्ये कॅटामरान उत्तम. मेल्टेमीच्या दिवसांत उत्तरेकडे परतायचे असेल तर मोनोहल घ्यावी.

सुकाणूचा प्रश्न कागदपत्रांशीही बांधलेला आहे. बेअरबोट, म्हणजे खलाशांविना नुसती बोट, घ्यायची तर ग्रीसमध्ये मान्य प्रमाणपत्र असलेला चालक आणि अनुभवी जोडीदार लागतो. क्रोएशियात व्हीएचएफ रेडिओचा परवानाही मागतात. मुंबई बंदरात वर्षानुवर्षे शीड हाकलेल्या माणसालाही कागदाशिवाय बोट मिळत नाही. परवाना नवा असेल तर फ्लोटिला बरी: अनेक बोटी एकत्र निघतात आणि आघाडीच्या बोटीवर जाणकार मंडळी असतात. परवानाच नसेल तर स्किपर, म्हणजे पगारी चालक, घ्यावा. त्याचा पगार, जेवण आणि झोपायची जागा ही जबाबदारी भाडेकरूंची असते.

तुर्कस्तानच्या बोद्रुम-मार्मारिस भागातली गुलेत ही लाकडी बोट खलाशी आणि स्वयंपाक्यासह मिळते. शाकाहारी कुटुंबाची तिथे छान सोय होते, पण ती बहुतेक वेळ इंजिनावर चालते. शिडाची हौस तीत भागत नाही. ग्रीसचा शेंगेन व्हिसा समोरच्या तुर्की किनाऱ्यावर चालत नाही, हे भारतीय पासपोर्टवाल्यांनी मार्ग आखतानाच पाहावे.

जाहिरातीतल्या ‘आठ जणांची सोय’ या आकड्यात अनेकदा बैठकीतले बाकही मोजलेले असतात. चार केबिनची बोट सहा मोठ्या माणसांना बरी पडते, स्किपर असेल तर तीही भरते. अनामत रक्कम मोठी असते. ती विम्याने कमी करता येते, मात्र डिंगी, म्हणजे सोबतची छोटी होडी, आणि तिचे इंजिन त्या विम्यात येते का, हे सही करण्यापूर्वी करारात वाचावे लागते.