परदेशातील खास जेवण आणि पोट
माजिवड्याहून बँकॉक, बालीला निघालेली मंडळी माझ्याकडे औषधे लिहून घ्यायला येतात. लग्नाच्या वाढदिवसाचे जेवण कुठे घ्यावे, हेही विचारतात. मी सांगतो, हॉटेलचा झगमगाट पाहू नका. जिथे गिऱ्हाईक भरपूर, तिथे अन्न फार वेळ पडून राहत नाही. मांडून ठेवलेल्या बुफेपेक्षा समोर आलेला वाफाळता पदार्थ बरा, कारण ५ ते ६० अंश सेल्सिअसमध्ये जंतू झपाट्याने वाढतात. कच्ची कोशिंबीर, बर्फ टाळावा. थाई पदार्थांत शेंगदाणे असतात. ॲलर्जी असल्यास आधी विचारावे. इन्सुलिन घेणाऱ्यांनी नेहमीच्याच वेळेचे टेबल ठरवावे. जेवण लांबल्यास साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. जवळ ग्लुकोज ठेवावे. जुलाब झाल्यास ओआरएस घ्यावे. ताप किंवा शौचात रक्त असल्यास त्वरित डॉक्टर गाठावा.