एकमत आणि विवेक : कोयनेच्या भूकंपाचा धडा

सभेत ठराव एकमताने संमत झाला म्हणजे सर्वांस समाधान वाटते. ग्रामपंचायत, शाळा व्यवस्थापन समिती, केंद्रातील शिक्षण परिषद या संस्था सहकार्यावाचून चालत नाहीत, हेही खरे. परंतु एकमत दोन प्रकारचे असते. सर्व शंका बोलून दाखविल्यावर व त्यांची छाननी केल्यावर झालेले एकमत निराळे. शंका मनातच राहिल्यामुळे झालेले एकमत निराळे. इतिवृत्तात मात्र दोन्ही सारखीच दिसतात. दुसऱ्या प्रकारास मानसशास्त्रात ‘समूहविचार’ असे नाव आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अर्व्हिंग जॅनिस यांनी १९७२ साली ही कल्पना सविस्तर मांडली. सलोखा जपण्याच्या भरात जाणती माणसेदेखील पर्यायांचा विचार सोडून देतात, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

१. कोयनेचे उदाहरण

दख्खनचे पठार हा प्राचीन व स्थिर भूभाग असून तेथे मोठा भूकंप संभवत नाही, अशी एके काळी तज्ज्ञांची सर्वसाधारण समजूत होती. १९६२ च्या भारतीय भूकंप-नकाशात कोयनेचा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात दाखविला होता. त्याच सुमारास सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यात कोयना धरणाच्या जलाशयात पाणी साठू लागले आणि लवकरच परिसरात हादरे जाणवू लागले. जलाशय भरल्यानंतर भूकंप होऊ शकतात, हे अमेरिकेतील हूव्हर धरणाजवळ त्यापूर्वीच आढळून आले होते. कोयनेलाही भूकंपमापक यंत्रे बसविण्यात आली व शास्त्रज्ञांनी नोंदी घेतल्या. तरीही १९६६ च्या सुधारित नकाशात हा प्रदेश अल्प धोक्याचाच राहिला.

११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी सुमारे ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. सुमारे १८० माणसे मृत्युमुखी पडली. कोयनानगरातील बहुतेक घरे कोसळली अथवा निकामी झाली. धरणास तडे गेले, पण ते उभे राहिले. पुढे ते मजबूत करण्यात आले. १९७० च्या नकाशात हा प्रदेश चौथ्या, म्हणजे मोठ्या धोक्याच्या विभागात घालण्यात आला.

ही समजूत एका सभेची नव्हती, साऱ्या ज्ञानशाखेची होती. म्हणून जॅनिस यांच्या व्याख्येत ती तंतोतंत बसत नाही. येथे कोणास दोष देण्याचाही हेतू नाही. ध्यानात घ्यावयाचे ते इतकेच, की जी गोष्ट सर्वांनाच मान्य असते, ती तपासून पाहण्याचे काम कोणाच्याच वाट्यास येत नाही.

२. सांगलीचा महापूर

कोयनेचे पाणी कराडला कृष्णेस मिळून सांगलीकडे जाते. २००५ च्या महापुराची खूण तेथील अनेकांच्या मनात शेवटची मर्यादा होऊन बसली होती. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेले व ती खूण मागे पडली. ‘तेव्हा पाणी येथवर आले नव्हते’ हे वाक्य सर्व शेजाऱ्यांच्या तोंडी असले, तरी नदी त्याने बांधली जात नाही.

३. माणूस गप्प का बसतो?

१९५१ च्या सुमारास सॉलोमन अ‍ॅश यांनी एक साधा प्रयोग केला. दिलेल्या रेघेइतकीच लांब रेघ तीन रेघांतून ओळखावयाची होती. गटातील इतरांना मुद्दाम चुकीचे उत्तर देण्यास सांगून ठेवले होते. अशा वेळी सुमारे तीनचतुर्थांश व्यक्तींनी एकदा तरी, डोळ्यांना दिसणारे सोडून गटाचे उत्तर दिले. परंतु खरे उत्तर देणारा एकच सोबती मिळताच ही चूक पुष्कळच घटली. एका माणसाच्या प्रामाणिक शब्दाचे मोल यावरून कळते.

४. सभेत करावयाचे उपाय

समजा, वर्गखोलीच्या भिंतीस तडा गेला आहे. ‘इतकी वर्षे उभी आहे, काही होत नाही,’ असे मुख्याध्यापक प्रथमच म्हणाले, तर नवशिक्षक बोलणार नाही. अशा प्रसंगी पुढील पद्धती पाळाव्यात :

(१) अध्यक्षांनी आपले मत शेवटी सांगावे. सेवेने कनिष्ठ असलेल्यांस प्रथम बोलू द्यावे.

(२) चर्चेपूर्वी प्रत्येकाने आपले मत चिठ्ठीवर लिहावे. ‘कोणास शंका आहे काय?’ या प्रश्नानंतरचे मौन म्हणजे संमती नव्हे.

(३) एका सभासदाकडे विरुद्ध बाजू मांडण्याचे काम सोपवावे व ते पाळीपाळीने बदलावे, म्हणजे विरोध वैयक्तिक ठरत नाही.

(४) बाहेरच्या जाणकाराचे मत घ्यावे. भिंतीविषयी अभियंता जे सांगेल, ते दहा शिक्षकांच्या अंदाजापेक्षा विश्वसनीय असते.

(५) भिन्न मत इतिवृत्तात नोंदवावे. निर्णय तातडीचा नसेल, तर पुढील सभेत पुन्हा पाहावा. मुलांच्या जीविताचा प्रश्न असेल, तर तपासणी होईपर्यंत वर्ग दुसरीकडे बसवावा.

मोठ्या राष्ट्रांनाही हे शिकावे लागले. १९६१ मध्ये क्यूबावरील स्वारी फसल्यावर अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी सल्लामसलतीची रीत बदलली. १९६२ च्या क्षेपणास्त्र-पेचप्रसंगात सहकाऱ्यांनी मोकळेपणाने बोलावे म्हणून काही बैठकांना ते स्वतः अनुपस्थित राहिले.

५. वर्गपाठ

काचेच्या बरणीत चिंचोके भरून ठेवावेत. एका दिवशी मुलांना अंदाज मोठ्याने सांगू द्यावा. दुसऱ्या दिवशी चिंचोक्यांची संख्या बदलून तो पाटीवर गुपचूप लिहावयास सांगावे. पहिल्या दिवशी उत्तरे हुशार मुलाच्या उत्तराभोवती गोळा होतात काय, हे मुलांनीच ताडून पाहावे. शेवटी चिंचोके मोजावेत. सत्य मतांनी ठरत नसून मोजणीने ठरते, हा संस्कार लहानपणीच व्हावयास हवा.

चर्चेसाठी प्रश्न

१. गेल्या वर्षी आपल्या शाळेत एकमताने झालेल्या निर्णयांपैकी कोणत्या निर्णयाची कोणीही तपासणी केली नाही?
२. आपल्या केंद्राच्या सभेत कोणते सहकारी क्वचितच बोलतात? त्याचे कारण काय असावे?