गुणाकार शून्यात का जातो?

प्रश्न : आमच्या गावच्या ग्रुपवर प्लॉटविक्रीच्या जाहिरातींचा नुसता भडिमार असतो. मेसेज जाहिरातीचा की गावकामाचा, हे ओळखणारा प्रोग्राम मी पायथॉनमध्ये लिहिला. प्रत्येक शब्दाची संभाव्यता काढून सगळ्यांचा गुणाकार करतो. छोट्या मेसेजला उत्तर बरोबर येतं, लांबलचक मेसेजला मात्र दोन्ही बाजूंना ०.० येतं. सूत्र चुकलंय का?
— एक वाचक, नांदे (ता. मुळशी)

उत्तर : सूत्र बरोबर आहे, आकडाच जागेत मावत नाही. पायथॉन दशांश संख्या ६४ बिटांत ठेवतो. त्यात बसणारी सर्वांत लहान धन संख्या म्हणजे साधारण ४.९ गुणिले १०चा उणे ३२४वा घात. प्रत्येक शब्दाची संभाव्यता ०.०१ धरा. १६१ शब्दांपर्यंत गुणाकार कसाबसा तग धरतो. १६२वा शब्द आला की शून्य. मग शून्याला शून्याने भागायची वेळ येते आणि प्रोग्राम हात टेकतो.

शून्य दिसलं की पुष्कळ जण तिथे एखादा अतिलहान आकडा दडपून देतात. ते अजिबात करू नका. दोन्ही बाजूंना तोच आकडा बसला की तुलना संपली, आणि तुम्हाला हवी आहे ती तुलनाच.

त्यापेक्षा लॉगची बेरीज करा. ०.०१चा नैसर्गिक लॉग उणे ४.६०५, असे २०० शब्द म्हणजे उणे ९२१. समजा, गावकामाच्या बाजूला उणे ९२१ आले आणि जाहिरातीच्या बाजूला उणे ९१८. फरक ३. ‘ई’चा तिसरा घात सुमारे २०, म्हणजे जाहिरात असण्याची शक्यता वीसपट, जवळपास ९५ टक्के. आधी वजाबाकी, मग घात, हा क्रम सोडू नका. उणे ९१८चा घात थेट काढलात तर पुन्हा शून्यच हाती येईल.

लॉगची ही वाट संख्याशास्त्रात जुनी आहे. तुमच्या जवळच गणेशखिंडीत, पुणे विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागाचे पहिले प्रमुख होते वसंत शंकर हुजुरबाजार. त्यांचा १९४८चा गाजलेला निबंध ‘लाइकलिहूड’च्या समीकरणावर आहे, आणि ते समीकरण मांडतात लॉग घेऊनच.

दुसरं टोक जास्त फसवं, कारण तिथे चूक दिसतच नाही. शून्याजवळ संख्यांची दाटी असते, १जवळ नसते. १च्या खालची पहिली संख्या १.१ गुणिले १०चा उणे १६वा घात इतकी दूर आहे. त्यामुळे १मधून १०चा उणे १७वा घात वजा केलात तरी उत्तर १.० राहतं आणि उरलेली शंका गुपचूप नाहीशी होते. म्हणून १जवळची खात्री साठवू नका, शंका साठवा. तेवढा लहान आकडा बिनघोर मावतो. १मधून तो वजा करून लॉग हवा असेल, तर मॅथ मॉड्यूलमधलं ‘लॉग१पी’ वापरा, आकडा उणे चिन्हासह देऊन.

आधी कधीच न आलेल्या शब्दाची संभाव्यता मात्र खरोखरच शून्य निघते आणि लॉग तिथे अडतो. प्रत्येक शब्दाच्या मोजणीत १ मिळवा आणि मगच संभाव्यता काढा.