हायब्रिड गाडी घ्यावी का? वाचकांच्या शंका आणि समाधान

पेट्रोल आणि वीज अशा दोन्हींवर चालणाऱ्या गाड्यांविषयी वाचकांची बरीच पत्रे आली. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून उत्तरे दिली आहेत.

शंका : आमची सोसायटी जुनी आहे. कमिटी चार्जिंग पॉइंट बसवू देत नाही, म्हणून इलेक्ट्रिक गाडीचा विचार सोडला. शोरूममध्ये एकाच मॉडेलच्या दोन गाड्या दाखवल्या. दोन्ही 'हायब्रिड', पण किमतीत लाखांचा फरक! सेल्समन दोन्हींचे गुण गातो. आपण फसणार तर नाही ना, अशी धाकधूक आहे. आणि हायब्रिडलाही रात्री चार्जिंगला लावावे लागते का? (एक वाचक, ठाणे)

समाधान : चार्जिंगची काळजी सोडा. आपल्याकडे मध्यम किमतीत मिळणाऱ्या हायब्रिडना चार्जर लागत नाही. त्यांची बॅटरी गाडी चालता चालताच भरते. काही वीज इंजिन तयार करते आणि काही रिजनरेटिव्ह ब्रेकिंगमधून (वेग कमी होताना चाकांची गती वापरून वीज बनवणे) मिळते. बाहेरून चार्ज होणाऱ्या प्लग-इन हायब्रिड भारतात मोजक्याच आहेत आणि त्या फार महाग आहेत.

किमतीतला फरक खरा आहे. माइल्ड हायब्रिड (इंजिनाला फक्त हातभार लावणारी छोटी मोटर असलेली गाडी) केवळ विजेवर धावत नाही. स्ट्राँग हायब्रिड (इंजिन बंद ठेवून काही अंतर जाऊ शकणारी गाडी) ही जात वेगळी. मारुतीची ग्रँड व्हिटारा आणि टोयोटाची हायरायडर 2022 मध्ये बाजारात आल्या त्या या दोन्ही प्रकारांत, त्यामुळे गोंधळ होणे साहजिक आहे. सेल्समनला एकच विचारा : "इंजिन बंद ठेवून ही गाडी पुढे जाते का?" उत्तर 'हो' आले तर टेस्ट ड्राइव्हमध्ये पार्किंगमधून सावकाश गाडी काढून स्वतः खात्री करा.

शंका : जाहिरातीत लिटरला जवळजवळ 28 किलोमीटर लिहिले होते. माझ्या मेव्हण्याची तीच गाडी 20 च्या पुढे जात नाही. त्याच्या गाडीत बिघाड आहे की कंपनी सरळ खोटे बोलते? पैसे भरायच्या आधी छातीत धडधडते आहे. (एक वाचक, कोथरूड, पुणे)

समाधान : दोन्ही नाही. हायरायडरचा 27.97 हा आकडा प्रमाणित चाचणीतला आहे. आपल्या पुण्यातल्या 'एआरएआय'सारख्या संस्थांमध्ये गाडी रोलरवर चढवून, ठरलेल्या वेगाच्या आलेखानुसार ही चाचणी होते. तिथे एसी, खड्डे, चढ आणि मागच्या सीटवरचे पाहुणे नसतात. हा आकडा दोन गाड्यांची तुलना करायला उपयोगी आहे. महिन्याचा पेट्रोलखर्च मात्र त्यावरून काढू नये.

हायब्रिडमध्ये ही तफावत वापरानुसार बदलते. तीन-चार किलोमीटरच्या फेऱ्या असतील तर थंड इंजिन गरम होण्यातच पेट्रोल जाते. सलग वेगाने हायवेवर जाताना इंजिन बहुतेक वेळ चालूच राहते. शिवाय आता पंपावर मिळणाऱ्या ई-20 पेट्रोलमध्ये (20 टक्के इथेनॉल मिसळलेले) प्रत्येक लिटरमागे ऊर्जा थोडी कमी असते, म्हणून सर्वच पेट्रोल गाड्यांचे मायलेज किंचित उतरते. मेव्हण्यांना एकाच पंपावर टाकी फुल ते टाकी फुल असे मोजायला सांगा आणि टायरमधली हवा तपासायला सांगा. मायलेज एकाएकी घसरले किंवा डॅशबोर्डवर इशाऱ्याचा दिवा लागला, तर मात्र अधिकृत सर्व्हिस सेंटर गाठावे.

शंका : मी निवृत्त शिक्षक आहे. महिन्याला सहाशेएक किलोमीटर फिरणे होते, तेही बहुतेक नाशिक-मुंबई हायवेवर, मुलीकडे. मुलगा म्हणतो हायब्रिडच घ्या, पेट्रोल वाचेल. साठवलेल्या पैशातून तीन लाख जास्त टाकायचे आणि ते वसूलच झाले नाहीत तर? (एक वाचक, नाशिक)

समाधान : तुमची शंका रास्त आहे. हिशेब मांडून पाहू. समजा पेट्रोल 105 रुपये लिटर आहे. शहरातल्या वाहतुकीत साधी ऑटोमॅटिक गाडी 13 आणि स्ट्राँग हायब्रिड 21 चे मायलेज देते असे धरू. हजार किलोमीटरला सुमारे 29 लिटर, म्हणजे तीन हजारांच्या आसपास वाचतील. महिन्याला हजार किलोमीटर शहरात फिरणाऱ्याचे तीन लाख आठ वर्षांत वसूल होतील, दोन हजार फिरणाऱ्याचे चार वर्षांत.

हायवेवर चित्र पालटते. तिथे साधी गाडी 17 आणि हायब्रिड 20 देते असे धरले, तर तुमच्या सहाशे किलोमीटरला महिन्याकाठी साडेपाचशे रुपयेच वाचतात. त्या गतीने तीन लाख वसूल व्हायला चाळीसहून जास्त वर्षे लागतील. याचे कारण सोपे आहे. हायब्रिडची खरी बचत सिग्नलवर थांबण्यात आणि रांगेत सरकण्यात होते, कारण तिथे इंजिन बंद राहते. मोकळ्या रस्त्यावर ती संधी फारशी मिळत नाही. शांत, क्लचविना चालणारी गाडी हवी म्हणून हायब्रिड घ्यायची असेल तर जरूर घ्या, पण केवळ बचतीसाठी तुम्हाला तिची गरज नाही.

शंका : ओळखीचा मेकॅनिक म्हणाला, "आठ वर्षांनी बॅटरी गेली की गाडी भंगारात." मी चार वर्षे वापरलेली हायब्रिड बघून ठेवली आहे. झोप उडाली आहे. (एक वाचक, सातारा)

समाधान : आठ वर्षे ही वॉरंटीची मुदत आहे, बॅटरीचे आयुष्य नव्हे. टोयोटा, मारुती सुझुकी आणि होंडा आपल्या स्ट्राँग हायब्रिडच्या बॅटरीवर आठ वर्षे किंवा 1 लाख 60 हजार किलोमीटर, यांपैकी जे आधी होईल तोपर्यंत हमी देतात. पहिली टोयोटा प्रियस जपानमध्ये डिसेंबर 1997 मध्ये विक्रीस आली. तेव्हापासून अनेक देशांत हायब्रिड टॅक्सी म्हणूनही राबत आहेत. या बॅटऱ्या टिकतात, कारण गाडीतला संगणक त्यांना कधी काठोकाठ भरू देत नाही आणि तळापर्यंत रिकामीही होऊ देत नाही. हायरायडरची बॅटरी तर पाऊण युनिट विजेएवढीच आहे. इलेक्ट्रिक गाडीच्या अवाढव्य बॅटरीच्या किमती मनात ठेवून हिची भीती बाळगू नका.

तरीही बॅटरी झिजते आणि हमी संपल्यावर ती बदलणे स्वस्त नसते. म्हणून सौदा ठरवण्याआधी अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये बॅटरीची तपासणी करून लेखी अहवाल घ्या. सर्व्हिसच्या नोंदी पाहा आणि उरलेली हमी तुमच्या नावावर येते का ते विचारा. अनेक हायब्रिडमध्ये बॅटरी थंड ठेवणारी हवा आतल्या जाळीतून जाते. ती जाळी कुठे आहे ते मॅन्युअलमध्ये बघा आणि तिच्यावर सामान ठेवू नका. बॅटरी गल्लीतल्या गॅरेजमध्ये उघडू देऊ नये. तिचा दाब शंभर व्होल्टहून बराच जास्त असतो.

शंका : जुलै 2021 च्या पुरात आमची गाडी दोन दिवस पाण्याखाली होती. आता हायब्रिड घ्यायची तर पाण्यात करंट उतरेल आणि लेकरांना शॉक लागेल, या विचाराने जीव घाबरा होतो. (एक वाचक, चिपळूण)

समाधान : जे तुम्ही भोगले आहे, त्यानंतर ही भीती वाटणारच. पाऊस, धुणे किंवा रस्त्यावरचे डबके यांनी धोका नाही. मोठ्या दाबाची वायरिंग गाडीच्या पत्र्यापासून वेगळी राखलेली असते आणि गळती किंवा अपघात जाणवला की यंत्रणा बॅटरीचा पुरवठा आपोआप तोडते.

पूर ही निराळी गोष्ट आहे. वाहत्या किंवा खोलीचा अंदाज नसलेल्या पाण्यात कोणतीच गाडी घालू नये. उभी गाडी बुडाली असेल तर पाणी ओसरल्यावर स्टार्टचे बटण दाबू नका. नारिंगी रंगाच्या जाड केबलना हात लावू नका आणि कुणाला लावू देऊ नका. आधी विमा कंपनीला कळवा, मग अधिकृत सर्व्हिस सेंटरला बोलावून गाडी पूर्ण उचलून न्यायला सांगा. दोरी बांधून ओढत नेऊ नये, कारण चाके फिरली की मोटरही फिरते. पॉलिसी घेताना इंजिन आणि हायब्रिड बॅटरी या दोन्हींचे जादा संरक्षण आहे ना, हे लेखी विचारा. चिपळूणसारख्या गावात ते घ्यावेच.

शंका : ह्यांना पेसमेकर बसवला आहे. हायब्रिडमध्ये मोटर, बॅटरी, सगळे विजेचेच. शेजारच्या काकू म्हणाल्या, त्यात बसायचे म्हणजे जिवाशी खेळ. गाडी बुक केली आहे, रद्द करू का? (एक भगिनी, कोल्हापूर)

समाधान : ताई, घाईने रद्द करू नका. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी छातीत डिफिब्रिलेटर (ठोके बिघडल्यास झटका देऊन ते सुधारणारे उपकरण) बसवलेल्या व्यक्तींना प्रियस हायब्रिडमध्ये बसवून तपासणी केली होती. 2013 मध्ये मांडलेल्या त्या निष्कर्षांत उपकरणावर काळजी वाटावी असा परिणाम आढळला नाही.

मात्र बिनकिल्लीच्या 'स्मार्ट की'चे अँटेना पेसमेकरपासून काही अंतरावर असावेत, अशी सूचना गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये असते. ही सूचना साध्या पेट्रोल गाड्यांनाही लागू आहे. गाडी ताब्यात घेण्याआधी ते पान आणि पेसमेकरचे कार्ड घेऊन तुमच्या हृदयरोगतज्ज्ञांना भेटा. अंतिम शब्द त्यांचाच. गाडीत कधी चक्कर आली किंवा धडधडले तर थांबून लगेच वैद्यकीय मदत घ्या.

शंका : पनवेलहून रोज अटल सेतूवरून मुंबईला जातो. हायब्रिड घेतली तर टोल माफ होईल ना? की थेट इलेक्ट्रिकच घ्यावी? चुकीच्या गाडीत पैसे अडकतील या विचाराने निर्णयच होत नाही. (एक वाचक, पनवेल)

समाधान : टोलमाफी मिळणार नाही. ऑगस्ट 2025 पासून अटल सेतूवर मिळणारी सवलत इलेक्ट्रिक गाड्यांना आहे. हायब्रिडला नंबरप्लेटही पांढरीच मिळते, हिरवी नाही. जीएसटीतही फरक मोठा आहे. इलेक्ट्रिकवर तो 5 टक्के आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि 1200 सीसीपर्यंतच्या पेट्रोल हायब्रिडवर 18 टक्के, तर त्याहून मोठ्यांवर 40 टक्के कर आहे. आज लोकप्रिय असलेल्या स्ट्राँग हायब्रिड या मोठ्या गटातच येतात.

घरी किंवा ऑफिसात हक्काचे चार्जिंग असेल आणि रोजचा रस्ता ठरलेला असेल, तर तुमच्यासाठी इलेक्ट्रिकचे पारडे जड आहे. चार्जिंग नसेल आणि मुंबईत पुढे तासभर गर्दीत अडकावे लागत असेल, तर स्ट्राँग हायब्रिड शोभेल. आधी महिनाभर रोजचे किलोमीटर लिहा, त्यांतले गर्दीतले किती आणि मोकळ्या रस्त्यावरचे किती हे वेगळे मांडा. मग दोन्ही गाड्यांची टेस्ट ड्राइव्ह शोरूमभोवती न घेता ऑफिसच्या वेळेत, तुमच्याच रस्त्यावर मागा.