हळूहळू मिळणारे औषध

आपल्या पोटात स्वादुपिंड नावाचे एक इंद्रिय आहे. ते इन्सुलिन नावाचे प्रथिन तयार करते. इन्सुलिनमुळे रक्तातील साखर शरीराच्या पेशींना मिळते. काही मुलांच्या शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही. हा मधुमेहाचा एक प्रकार आहे. पूर्वी अशी मुले फार दिवस जगत नसत.

१९२१ साली कॅनडातील टोरांटो शहरात बँटिंग आणि बेस्ट यांनी प्राण्यांच्या स्वादुपिंडातून इन्सुलिन मिळवले. जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला ते टोचण्यात आले. पहिल्या वेळी फारसा गुण आला नाही. मग अधिक शुद्ध केलेले औषध दिले, तेव्हा त्याच्या रक्तातील साखर उतरली.

मुलांनो, तुम्ही विचाराल, इन्सुलिनची गोळी का घेत नाहीत? आपण डाळ किंवा अंडे खातो, तेव्हा त्यातील प्रथिने पोटात पचतात. इन्सुलिन गिळले, तर तेही तसेच पचून जाते. म्हणून ते त्वचेखाली टोचावे लागते.

पण टोचलेल्या इन्सुलिनचा परिणाम काही तासांतच संपे. दिवसातून अनेकदा सुई टोचावी लागे. १९३६ साली डेन्मार्कचे डॉक्टर हागेडॉर्न यांनी यावर उपाय शोधला. माशांपासून मिळणारे प्रोटामिन त्यांनी इन्सुलिनमध्ये मिसळले. हे मिश्रण लवकर विरघळत नाही. त्यामुळे इन्सुलिन रक्तात हळूहळू उतरते.

पुढे शास्त्रज्ञांनी इन्सुलिनच्या रचनेतच बदल केला. २००० साली ग्लार्जिन या इन्सुलिनला मान्यता मिळाली. बाटलीत ते आम्लयुक्त पाण्यात विरघळलेले असते. त्वचेखाली ती आम्लता राहत नाही. तेथे त्याचे सूक्ष्म कण बनतात. तोंडात खडीसाखर हळूहळू विरघळते, तसे हे कण विरघळतात. त्यांचा परिणाम सुमारे २४ तास टिकतो. २०२४ मध्ये युरोपात आठवड्यातून एकदा टोचायच्या इन्सुलिनलाही मान्यता मिळाली. ते रक्तातील एका प्रथिनाला चिकटून राहते आणि थोडे थोडे सुटते.

इन्सुलिनने मुलांचे प्राण वाचवले. हळूहळू मिळणाऱ्या इन्सुलिनने त्यांच्या सुया कमी केल्या.

शब्दार्थ
स्वादुपिंड – लबलबा
पचणे – हजम होणे
गुण येणे – औषधाचा फायदा होणे
आम्लयुक्त – तेजाबी
सूक्ष्म – फार बारीक

स्वाध्याय
१. इन्सुलिन गोळीप्रमाणे का गिळत नाहीत?
२. हागेडॉर्न यांनी इन्सुलिनमध्ये काय मिसळले? त्यामुळे काय झाले?
३. वाक्यात उपयोग करा : गुण येणे, चिकटून राहणे.