थ्रीडीओवरचा 'डूम' का रखडतो?

प्रश्न : संगणकावर सुसाट पळणारा 'डूम' हा खेळ थ्रीडीओ कन्सोलवर इतका अडखळतो का? दोष यंत्राचा की प्रोग्रामरचा?

उत्तर : यंत्राला मर्यादा होत्याच, पण खरा घात केला घाईने. आर्ट डेटा इंटरॅक्टिव्ह या कंपनीने या आवृत्तीसाठी नव्या शस्त्रांची, नव्या लेव्हल्सची भरघोस आश्वासने दिली होती. प्रत्यक्षात तयार काहीच नव्हते. अखेर काम प्रोग्रामर रिबेका हाइनमन यांच्याकडे आले, तेव्हा हाताशी जेमतेम दहा आठवडे होते.

त्यांनी जॅग्वार कन्सोलच्या आवृत्तीचा कोड पायाला घेतला. भिंती काढण्याचे काम थ्रीडीओच्या ग्राफिक्स चिपवर टाकले. जमीन आणि छतासाठी तोच मार्ग धरला, तर चित्र फाटल्यासारखे दिसे. ते दुरुस्त करायला वेळ उरला नाही, म्हणून तो सगळा भार मुख्य प्रोसेसरवर पडला आणि खेळ मंदावला. कंपायलरसोबत आलेल्या लायब्ररीतही चुका होत्या. तो भागही त्यांना स्वतः लिहावा लागला.

संगीताचा ड्रायव्हर लिहायलाही सवड नव्हती. म्हणून एका बँडकडून संगीत नव्याने वाजवून घेतले आणि ते थेट सीडीवरून ऐकवले. आज या आवृत्तीत सर्वाधिक कौतुक होते ते याच संगीताचे!

खेळताना पडद्यावरची चौकट लहान ठेवा, वेग थोडा सुधारतो. हाइनमन यांनी २०१४ मध्ये या आवृत्तीचा कोड सर्वांसाठी खुला केला. त्यावरूनच चाहत्यांनी 'ऑप्टीडूम' ही अधिक वेगवान आवृत्ती घडवली. ती जरूर खेळून पाहा. आणि दोष द्यायचाच तर वेळापत्रक आखणाऱ्यांना द्या, प्रोग्रामरला नव्हे.